ओझरचं मिग, डिसेंबर 1971

पत्र सिडको, नाशिक इथून आलं आहे. लिहिणारा मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचे आजोबा ओझरच्या विमान कारखान्यात होते आणि येत्या जानेवारीत त्यांना ऐंशी पूर्ण होतील. त्या दिवशी त्यांना 1971 च्या युद्धातल्या मिग-21 चं मॉडेल द्यायचं, असं त्यानं ठरवलं. मे महिन्यात 1/72 चा (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढा) मिग-21एमएफचा संच आणला, जोडला, आणि गच्चीवर हार्डवेअरच्या दुकानातल्या चंदेरी स्प्रेनं रंगवला. रंग खरखरीत झाला. डिकल्स (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा) लावले तर त्यांच्याखाली पांढुरकी चमक राहिली. कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची काच, आतून धुरकट झाली आणि विमान शेपटीवर बसलं. त्याहून जास्त लागलं ते आजोबांचं बोलणं. मॉडेल बघून ते म्हणाले, "हे आमचं नव्हे. आमच्या विमानाच्या पोटात तोफ नव्हती, लागली तर खालून टांगायचो." मुलगा विचारतो, हे दुरुस्त होईल का, की नव्यानं सुरुवात करू?

नव्यानं सुरुवात करा. पण हातातलं मॉडेल फेकू नका, त्याचं मोठं काम पुढे आहे.

आधी आजोबांचं म्हणणं. ते अगदी अचूक बोलले आहेत. 1971 च्या युद्धात आपल्या हवाई दलाकडे मिग-21 ची मुख्य आवृत्ती होती ती मिग-21एफएल, म्हणजे हवाई दलाच्या भाषेत टाइप 77. हिच्या सांगाड्याचं काम ओझरला, इंजिनाचं कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्सचं हैदराबादला होत असे. या आवृत्तीत कायमची बसवलेली तोफ नव्हती. गरज पडली की पोटाखाली मधोमध जीपी-9 हा गनपॉड टांगायचा, त्यात 23 मिलिमीटरची जोडनळीची जीएसएच-23 तोफ. 12 डिसेंबर 1971 रोजी 47 स्क्वाड्रनचे फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी कच्छच्या आखातावर पाकिस्तानचं एफ-104 पाडलं ते याच तोफेनं. तुमच्या खोक्यातलं एमएफ पुढच्या पिढीचं आहे. त्याच्या पोटात तोफ कायमची आहे. त्याच्या जवळचं आपल्याकडचं विमान म्हणजे मिग-21एम, टाइप 96, आणि ते ओझरहून 1973 पासून मिळू लागलं. म्हणजे एमएफच्या खोक्यावर भारतीय चक्र छापलेलं असलं तरी त्या खोक्यातून डिसेंबर 1971 चं विमान निघत नाही.

काटछाट करून एमएफचं एफएल करता येईल का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. नाही, करता येणार नाही. फरक चार ठिकाणी आहेत आणि चारही ठळक आहेत. कॅनॉपीच्या मागचा कणा एमएफमध्ये चांगलाच फुगीर आहे, एफएलमध्ये सडपातळ. एफएलची कॅनॉपी पुढच्या काचेसकट एकसंध असते आणि पुढच्या बाजूला उघडते. एमएफमध्ये पुढची काच जागेवर राहते आणि मागचा भाग उजवीकडे कलंडतो. एफएलच्या पंखांखाली प्रत्येकी एकच पायलॉन (शस्त्रं टांगायचा आधार), एमएफला दोन-दोन. आणि नाकावरची पिटोची (हवेचा वेग मोजणारी) लांब नळी एफएलला वरच्या ओठावर बरोबर मध्यभागी, तर एमएफला उजवीकडे सरकलेली. कणा घासून बारीक कराल, पण कॅनॉपी कुठून आणाल?

म्हणून विकत घेताना खोक्यावरचं चित्र बघू नका, सुटे भाग बघा. 'एफएल' असं लिहिलेला संच मिळाला तर उत्तम. 'पीएफ' ही एफएलची जवळची आवृत्ती, तिचा संच मिळाला तर शेपटी तपासा. एफएलचा उभा पंखा रुंद आहे आणि ब्रेक पॅराशूटचं नळकांडं रडरच्या (शेपटीच्या वळणाऱ्या फळीच्या) बुडाशी आहे. सुरुवातीच्या पीएफचा पंखा अरुंद आणि पॅराशूट पोटाकडे. 'पीएफएम'ची शेपटी जुळते, पण कॅनॉपी एमएफसारखी, म्हणून तो एकटा चालत नाही. 1/48 मध्ये एडुआर्डचे पीएफ आणि पीएफएम हे दोन्ही संच बारकाव्यांना चांगले आहेत. आमचं मत विचाराल तर या कामाला 1/48 च घ्या. खऱ्या पंखांची रुंदी 7.15 मीटर, म्हणजे 1/72 मध्ये जेमतेम 10 सेंटिमीटर आणि 1/48 मध्ये 15. ऐंशी वर्षांच्या डोळ्यांना गनपॉडच्या दोन नळ्या वेगळ्या दिसायला हव्यात.

दुसरं ठरवायचं ते कोणतं विमान. 'मिग-21एफएल, 1971' एवढं पुरेसं नाही. एक क्रमांक, एक फोटो, एक तारीख असं धरावं लागतं, कारण त्या डिसेंबरात ही विमानं एकसारखी नव्हती. बरीच उघड्या धातूच्या चकाकीत होती, तर काहींवर तळावरच हिरव्या-तपकिरी रंगाचे पट्टे-ठिपके मारले होते, आणि एकाच स्क्वाड्रनची दोन विमानं दोन तऱ्हांची दिसू शकत. शस्त्रंही कामगिरीप्रमाणे बदलत. ढाक्याच्या तेजगाव विमानतळाच्या धावपट्टीवर मिगांनी 500 किलोचे बॉम्ब टाकले. 14 डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर 28 स्क्वाड्रनची विमानं विंग कमांडर बिश्नोई यांच्या नेतृत्वाखाली गेली ती 57 मिमी रॉकेटं घेऊन, म्हणजे पंखांखाली 16 रॉकेटांचे गोल पॉड. हवाई लढाईला पंखांखाली दोन के-13 क्षेपणास्त्रं. आणि मधला पायलॉन एकच, म्हणून त्यावर एकतर 490 लिटरची टाकी किंवा गनपॉड. दोन्ही एकदम लावलेलं मॉडेल दिसलं की समजावं, करणाऱ्यानं फोटो बघितला नाही.

तुमच्या बाबतीत आम्ही उघड्या धातूचं विमान, दोन के-13 आणि मध्ये जीपी-9 असं सुचवू. आजोबांनी कारखान्याच्या दारातून बाहेर पडताना पाहिलेलं विमान चंदेरी होतं. आघाडीवर कुणी त्यावर ब्रश फिरवला ते त्यांनी पाहिलेलं नसणार. आणि तोफेची आठवण तर त्यांनीच काढली आहे. एक संध्याकाळ त्यांच्याबरोबर जुने फोटो घेऊन बसा आणि ते कोणत्या भागावर काम करत ते विचारा. तो भाग मॉडेलवर सगळ्यात नीट झाला पाहिजे. कृष्णधवल फोटोवरून रंगाची छटा मात्र ठरवू नका, तिथे भगवा आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे दिसू शकतात.

आता तुमच्या चार तक्रारी. त्यातल्या पहिल्या दोन वेगळ्या वाटतात, पण मूळ एकच आहे.

मे महिन्यात, दुपारी, गच्चीवर स्प्रे मारला म्हणता. नाशिकला त्या वेळी 38-40 अंश असतात आणि वर वारा. डब्यातून निघालेला थेंब मॉडेलपर्यंत पोचता पोचता अर्धा वाळतो आणि पृष्ठभागावर पसरण्याऐवजी कण होऊन बसतो. ही खरखर बोटाला किंचित लागते, पण डिकलला पुरेपूर लागते. डिकलची फिल्म कणांच्या टेकड्यांवर टेकते, मधल्या खळग्यांत हवा राहते, आणि ती हवा उजेडात चांदीसारखी चमकते. म्हणजे डिकल्स खराब नव्हते, त्यांच्या खालची जमीन खराब होती. त्यात हार्डवेअरच्या चंदेरी रंगाचे कण जाड. एक कण 0.05 मिमीचा धरला तरी 1/72 च्या हिशेबानं तो खऱ्या विमानावर साडेतीन मिलिमीटरचा ठिपका होतो. ग्रिलला तो रंग शोभतो, मिगला नाही.

उघड्या धातूचं विमान रंगवणं हे रंगाचं काम कमी आणि पॉलिश पेपरचं जास्त. हिरव्या-तपकिरी रंगाखाली एखादा ओरखडा लपून जातो, चंदेरीखाली तो दुप्पट होऊन दिसतो. मिगच्या धडाचे दोन अर्धे वर आणि खाली मधोमध जुळतात, म्हणजे सांधा नेमका डोळ्यापुढे. तिथे पातळ प्लॅस्टिक सिमेंट लावून दोन्ही बाजू हलके दाबा, वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक कड वर येऊ द्या आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. घाई केली तर आतलं मऊ प्लॅस्टिक नंतर आकसतं आणि रंगाखाली घळ पडते. मग 400 च्या पेपरनं फक्त ती कड उतरवा, 800 नं घासा, 1200 नं घासा, शेवटी 2000, आणि हे सगळं पाण्यात भिजवून. घासताना बुजलेल्या पॅनेलच्या रेघा सुईनं परत कोरा. कडक टेप पट्टीसारखी चिकटवली तर रेघ भरकटत नाही. मग बारीक करड्या प्रायमरचा पातळ हात द्या. प्रायमर राहिलेले सगळे दोष दाखवतो, त्यासाठीच तो असतो. दोष भरा, घासा, पुन्हा प्रायमर. दोनदा तरी करावं लागेल. शेवटच्या प्रायमरवर 2000 चा ओला पेपर अलगद फिरवा आणि गालाला लावून बघा. बोटाला न कळलेली खरखर गालाला कळते.

एअरब्रश आणि कंप्रेसर या एका मॉडेलसाठी घेऊ नका. तामियाचा एएस-12 हा उघड्या धातूचा चंदेरी स्प्रे विमानांसाठीच आहे, कण बारीक, आणि 1/48 च्या एका मिगला एक डबा पुरतो. डबा कोमट पाण्यात, हाताला सोसेल इतक्याच, पाच मिनिटं ठेवा. दाब वाढतो आणि फवारा बारीक होतो. गरम पाणी, गॅस, ऊन यांच्याजवळ डबा कधीही नेऊ नका, फुटतो. अंतर 20 ते 25 सेंटिमीटर. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करा, एका चालीत पलीकडे न्या आणि बाहेरच थांबवा. पहिला हात असा की खालचा करडा दिसतच राहील. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. एकाच हातात झाकायला गेलात तर रंग कडांकडे ओघळतो आणि कोरलेल्या रेघा बुजतात. तोंडाला चांगला मास्क हवा आणि खिडकी उघडी, पण पंखा बंद. मॉडेल धरायला मिगचं शेपटीकडचं नळकांडं सोयीचं, त्यात टेप गुंडाळलेली पेन्सिल घट्ट बसवा म्हणजे बोटांचे ठसे पडणार नाहीत. पेन्सिल काढल्यानंतरही नायट्राइलचे हातमोजे घालूनच हाताळा.

नाशिकमध्ये हे कधी करायचं, याला महत्त्व आहे. पावसाळ्यात नको. लॅकरचा थिनर उडताना पृष्ठभाग थंड करतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि चंदेरीवर दुधाळ साय येते. आत्ता ऑगस्ट आहे, तर फोटो शोधणं, संच मागवणं, सुटे भाग कोरडे जुळवून बघणं आणि जोडणी हे दसऱ्यापर्यंत करा. दिवाळीचे चार दिवस रंगाला हात लावू नका, फटाक्यांची धूळ ओल्या रंगावर बसते. खरा हंगाम नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरचा मध्य. तेव्हाही सकाळी नको, निफाडचा पारा दहाच्या खाली जातो त्या दिवसांत सिडकोतली खोलीही गार असते. अकरा ते चार, खोलीत, फरशी ओल्या फडक्यानं पुसून.

रंग 24 तास वाळला की मऊ सुती फडक्यानं हलकं पुसा, चमक वर येते. खऱ्या विमानाचे सगळे पत्रे एका छटेचे नसतात, हे आजोबा तुम्हाला आमच्याहून चांगलं सांगतील. त्यासाठी दुसरा रंग लागत नाही. 6बी पेन्सिलीचं शिसं पेपरवर घासून पूड करा. डिकल्स झाल्यावर एकेक पॅनेल टेपनं वेगळं करून इयरबडनं ती पूड चोळा. मागचा भाग, नळकांड्याच्या जवळ, थोडा जास्त गडद. टेप लावण्यापूर्वी रंगाला 48 तास द्या आणि टेपचा चिकटपणा आधी हाताच्या पाठीवर लावून कमी करा, नाहीतर ती चंदेरीचा पापुद्रा घेऊनच निघते. पॅनेलच्या रेघांत काळी शाई भरून विमान रांगोळीसारखं करू नका. गडद करड्याचा पुसट हात पुरे. नाकातला रडारचा शंकू आणि शेपटीचं टोक हे धातूचे नाहीत. बऱ्याच फोटोंत ते गडद हिरवे दिसतात. तुमच्या निवडलेल्या विमानाचा फोटो बघून ठरवा.

डिकल्स थेट त्या पुसलेल्या चंदेरीवर बसतील. पाणी आरओचं घ्या, बोअरचं नको, त्यातला क्षार वाळल्यावर पांढऱ्या कडा सोडतो. कोमट पाण्यात 20-30 सेकंद बुडवून बाहेर काढा आणि कागदावरच एक मिनिट राहू द्या. जागेवर माइक्रो सेट या डिकल बसवायच्या द्रवाचा थेंब, त्यावर डिकल सरकवा, ओल्या ब्रशनं मधून कडेकडे हवा काढा. पूर्ण वाळल्यावर वरून माइक्रो सॉल, म्हणजे डिकल मऊ करणारा द्रव. डिकल सुरकुततं तेव्हा घाबरून बोट लावू नका, अर्ध्या तासात आपोआप ताणून रेघांत बसतं. चक्राचा बाहेरचा रिंगण भगवा, मग पांढरा, मध्ये हिरवा. शेपटीवरच्या पट्ट्यांत भगवा पुढे, म्हणजे नाकाच्या बाजूला. डाव्या-उजव्या बाजूचे पट्टे एकमेकांचं प्रतिबिंब असतात, सारखे नव्हेत. ही चूक फार होते आणि आजोबांच्या नजरेतून ती सुटणार नाही.

कॅनॉपी धुरकट झाली ती सुपरग्लूमुळे. त्याची वाफ बंद जागेत काचेवर बसते, बोटांच्या ठशांवर आणि दमट हवेत तर जास्तच. काचेला फेविकॉल लावा. पांढरा लागतो, वाळल्यावर पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या इयरबडनं पुसला जातो. एक लक्षात ठेवा, कॉकपिटमध्ये कुठेही सुपरग्लू वापरला असेल तर दोन दिवस उघडं ठेवून मगच काच बसवा.

शेपटीवर बसण्याचं कारण मिगच्या चाकांची जागा. मागची चाकं पुढे आहेत आणि त्यांच्या मागे लांब धड. नाकात वजन घालावंच लागतं आणि ते धड बंद करण्यापूर्वी. धड, पंख, चाकं टेपनं तात्पुरती जोडा, मागच्या चाकांच्या जागी खाली पेन्सिल आडवी ठेवून त्यावर तोला, आणि गळाला लावायचे शिशाचे मणी नाकावर एकेक ठेवत जा. नाक खाली गेलं की आणखी एक-दोन मणी वाढवा, कारण रंग आणि डिकल्स मागच्या बाजूला जास्त असतात. जागा दोन, नाकातल्या शंकूच्या आत आणि कॉकपिटच्या तळाखाली. हे मणी चिकटवायला मात्र फेविकॉल वापरू नका. काचेला जे योग्य तेच इथे घातक, कारण शिशाशी त्याची हळूहळू रासायनिक क्रिया होते, पांढरी पूड धरते, फुगते, आणि वर्ष-दोन वर्षांनी नाकाचा सांधा फाटतो. दोन नळ्यांचा एपॉक्सी लावा. शिसं हाताळून झालं की हात साबणानं धुवा.

आता ते जुनं एमएफ. 1000 च्या पेपरनं ओलं घासून खरखर उतरवा आणि प्रायमर मारा. नव्या मॉडेलवर जे काही करणार ते आधी एक दिवस याच्यावर करा. स्प्रेची चाल, टेप रंग उचलते का, माइक्रो सॉलनं चंदेरी बिघडते का, पेन्सिलीची पूड किती चोळायची. दोन विमानांची कामं अशी एका पाठोपाठ चालवलीत तर चुका एमएफवर होतील आणि एफएल स्वच्छ राहील. शिवाय नंतर त्याला 1973 नंतरचं टाइप 96 म्हणून योग्य खुणा लावता येतील. तेही ओझरचंच.

नाकावरची पिटोची नळी सगळ्यात शेवटी लावा, कारण मिगच्या मॉडेलमध्ये पहिल्यांदा तीच मोडते. संचातली प्लॅस्टिकची नळी जाड आणि किंचित वाकडी असते. इंजेक्शनची नवी सुई घ्या, 21 गेजची एक आणि 26 ची एक. 26 ची सुई 21 च्या आत सरकते आणि खऱ्यासारखी दोन टप्प्यांची निमुळती नळी मिळते. डोळ्यांना चष्मा लावून टोकदार भाग बारीक कानशीनं चर पाडून वेगळा करा. पकडीनं तोडलात तर नळी चपटी होते. वरच्या ओठावर मध्यभागी 0.8 मिमीचं भोक आधीच, रंगापूर्वी, पाडून ठेवा आणि 21 ची सुई त्यात बसते का तेव्हाच बघून घ्या. ती 0.82 मिमीची असते, म्हणून भोक ड्रिल फिरवून किंचित सैल करावं लागेल. आणि ही नळी वाढदिवशी आजोबांच्याच हातून बसवून घ्यायची असेल, तर सुपरग्लू नको, तो लावताक्षणी धरतो. पाच मिनिटांचा एपॉक्सी घ्या. त्यांचा हात थोडा हलला तरी नळी सरळ करायला दोघांनाही वेळ मिळेल.